समुपदेशन कक्षाचं दार कुणीच का वाजवत नाही?

खडूफळा
मी कॉलेजात भूगोल शिकवते. तालुक्याचं ठिकाण. निम्मी मुलं एसटीने ये-जा करतात, उरलेली हॉस्टेलला नाहीतर गावात खोली करून राहतात. गेल्या जूनमध्ये प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "विद्यार्थी समुपदेशन कक्ष आता तुमच्याकडे." का, तर मॅडम मुलांशी चांगलं बोलतात. माझं शिक्षण पर्जन्यमान आणि समोच्चरेषांचं. तरी सुट्टीत छोटं प्रशिक्षण घेतलं आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसशास्त्रज्ञ बाईंना महिन्यातून दोनदा यायला राजी केलं.

खोली मिळाली. दोन खुर्च्या, टेबल, पडदा. पोस्टरं लावली, वर्गावर्गात जाऊन सांगितलं. सात महिन्यांत आलेली मुलं चार. त्यातली दोन बोनाफाईड कुठे मिळतं ते विचारायला.

दाराशी एक पेटी ठेवली होती, नाव न लिहिता चिठ्ठी टाका म्हणून. उघडली तर वेफर्सची रिकामी पाकिटं, 'कॅन्टीनच्या वडापावात वडा शोधून द्या' असा अर्ज, आमच्या एका सरांवर चारोळी (बरी होती), आणि एका कागदावर बारीक अक्षरात: 'मॅडम, तुमच्या खोलीत शिरताना फीच्या रांगेतून सगळं दिसतं.'

खरंच दिसतं. समोरच फी भरायची खिडकी आहे, तिथे कायम वीसेक मुलं उभी.

मला वाटायचं मुलांना या विषयातलं काही कळत नाही. पण वर्गात विचारलं तर ॲन्झायटी, पॅनिक अटॅक, ओसीडी, सगळे शब्द तोंडपाठ. मग अडतं कुठे? तुम्ही शिकत असताना अशा खोलीत गेला होतात का? नसाल गेलात तर का नाही?

पेठकर
मी पयला!
आमच्या वेळी समुपदेशन कक्ष नव्हता, अमृततुल्य होतं. फी: एक कटिंग.
(मॅडम, बोनाफाईड तुमच्याच खोलीत वाटायला घ्या. रांग लागेल.)

अण्णा_फलटणकर
७२ च्या दुष्काळात आम्ही सुकडी खाऊन शिकलो. तेव्हा कुणाला डिप्रेशन आलं नाही. आता मोबाईलचं नेट गेलं तरी पोरांना डिप्रेशन येतं. खोली रिकामी आहे ही चांगली गोष्ट आहे असं समजा.

कऱ्हाडची_कृष्णा
अण्णा, तुमच्या वेळी आलं नाही की कुणी सांगितलं नाही?

माजी_बॅकलॉग
मी गेलो नव्हतो, म्हणून लिहितो.

पुण्यात इंजिनिअरिंग, दुसरं वर्ष, चार विषय राहिलेले. सकाळी जाग यायची पण उठवायचं नाही. दुपारचे दोन, तीन. मेसचा डबा तसाच. रूममेट मला कुंभकर्ण म्हणायचे आणि मीही हसायचो, कारण आळशी म्हणवून घेणं सोपं होतं. आमच्या मजल्यावर कुणी जरा विचित्र वागलं की 'याला येरवड्याला सोडून या' हा ठरलेला डायलॉग, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. तो मीच सगळ्यांत जास्त मारायचो. आता आपल्याच डायलॉगचं गिऱ्हाईक कसं व्हायचं?

डॉक्टरकडे गेलो तो पोटासाठी. मळमळ, भूक नाही. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. ते डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारलं, "झोप कशी लागते? शेवटचं काही आवडीनं कधी केलंस?" मला आठवेना. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी दिली. ती तीन आठवडे पाकिटात घेऊन फिरलो.

गोळ्या सुरू झाल्या आणि पाचव्या दिवशी मी बंद केल्या. रूममेट म्हणाला, सवय लागते, आयुष्यभर घ्याव्या लागतात. पुन्हा महिन्याभराने सुरू केल्या. घरी आईला सांगितलं ॲसिडिटीच्या आहेत. तिला अजून तेच माहिती आहे. मी आज चाळिशीकडे आलोय, नोकरी आहे, दोन मुली आहेत.

कॉलेजात कक्ष होता की नाही तेच आठवत नाही. बोर्ड असेल तर मी त्याकडे न बघता चालत असेन.

घोडबंदर
येरवड्यावरून आठवलं. मी ठाण्याचा. गावाला गेलो की "कुठे राहता?" "ठाण्याला." "अरे वा, बरे झालात का?" हा विनोद मी हजारदा ऐकला असेल. १९०१ सालचं मनोरुग्णालय आहे आमचं, विनोदही तितकाच जुना. याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था १९९० पासून आहे, तिथे तरुण मुलं स्वतःहून जातात. पण विनोद अजून जुन्या भिंतीवरच चालतो.

संत्रानगरी
आमच्याकडे नागपूरचं. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. प्रत्येक भागाले सरकारनं आपापला विनोद देऊन ठेवला आहे बाप्पा.

मांडवीकाठ
गोंयकारांची सोय बरी आहे. मेडिकल कॉलेजही बांबोळीला आणि मनोरुग्णालयही बांबोळीला. "बांबोळीला जाऊन येतो" म्हटलं की पायाला लागलंय की मनाला, कुणाला कळत नाही. माझ्या धाकट्या भावाने बी.कॉम.ची दोन वर्षं असंच सांगून उपचार घेतले. आम्हाला वाटायचं त्याचा गुडघा फार दुखतो.

पेठकर
बांबोळी पॅटर्न भारी आहे. मॅडम, तुमच्या खोलीवर 'गुडघेदुखी विभाग' लिहा.

शेवंतीची_वेणी
पेठकर, विनोद बाजूला ठेवून त्यावर विचार करा, त्यात खरंच काहीतरी आहे.

पण मला दुसरं सांगायचंय. खडूफळा म्हणतात मुलांना शब्द पाठ आहेत. कुठले पाठ आहेत ते बघा. मी पाच वर्षांपूर्वी मुलींच्या हॉस्टेलमध्ये होते. ॲन्झायटी सगळ्यांना होती. स्टेटसला होती, कॉफी मगवर होती. ती असली की तुम्ही जरा संवेदनशील, जरा खोल. तेव्हा आम्हाला सगळ्यांना वाटायचं आपण फार जागरूक.

मग आमच्या खोलीतली एक मुलगी रात्री बोलायला लागली. कुणीतरी भिंतीपलीकडून तिच्याबद्दल बोलतंय, तिच्या डब्यात काही घालतंय. दहा दिवसांत तिने अंघोळ, जेवण सगळं सोडलं. आम्ही तिघींनी काय केलं? वॉर्डनला अर्ज दिला की हिची खोली बदला, आमच्या परीक्षा आहेत. अर्जाखाली तीन सह्या होत्या, त्यातली एक माझी. मी तेव्हा मानसिक आरोग्य सप्ताहात रांगोळी काढून बक्षीस घेतलेलं होतं.

तिचे वडील आणि मामा येऊन तिला घेऊन गेले. मामा म्हणाले, बाहेरचं काही आहे का ते आधी बघू. पुढचं मला माहीत नाही. माहिती काढली नाही, हे खरं.

ॲन्झायटी चालते. भास होणारं माणूस चालत नाही. रांगोळीत तेवढा फरक दिसत नाही.

प्रश्नावली
शेवंती, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी मानसशास्त्रात एम.ए. करतेय, माझा लघुप्रबंध याच विषयावर आहे. प्रश्न साधारण असे: मानसिक आजार झालेला माणूस वर्गात असला तर चालेल का, शेजारी चालेल का, रूममेट म्हणून चालेल का, घरात लग्न करून आला तर चालेल का. ही 'सामाजिक अंतर' मोजायची पद्धत बोगार्डस नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाची, शंभरेक वर्षं जुनी. त्याने ती वंश आणि देश यांसाठी काढली होती, नंतर आजारांसाठी वापरात आली.

आकडे अजून मांडतेय, ते इथे देणार नाही. पण फॉर्म भरताना बघितलेलं सांगते. 'वर्गात' आणि 'शेजारी' पर्यंत पेन भरभर चालतं. 'रूममेट'ला थांबतं. 'लग्ना'च्या प्रश्नाला मुलं मान वर करून विचारतात, "बरा झालेला ना?" आणि 'गोळ्या चालू आहेत, व्यवस्थित नोकरी करतो' असं म्हटलं तरी त्यांच्या हिशेबात तो बरा झालेला नसतो. गोळी चालू म्हणजे आजार चालू. मधुमेहाला हा हिशेब कुणी लावत नाही.

अण्णा_फलटणकर
बाई, मधुमेहाला पण लावतात. स्थळं बघायला गेलात की कळेल.

प्रश्नावली
हाहा, बरोबर आहे काका. मान्य.

नाडीपरीक्षा
मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. मोबाईलवरून टंकतोय, चुका सांभाळून घ्या.

बॅकलॉगराव, तुमच्या रूममेटचा गैरसमज मी रोज ऐकतो. नैराश्यावर सहसा ज्या गोळ्या देतात त्यांचं व्यसन लागत नाही. परिणाम दिसायला मात्र दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि त्रास आधी जाणवतो: मळमळ, पोट बिघडणं. म्हणून पाचव्या दिवशी बंद करणारे बरेच. थांबवायच्या असतात तेव्हाही डॉक्टरांना विचारून हळूहळू. सवय लागण्याची भीती झोपेच्या आणि तात्पुरत्या शांत करणाऱ्या काही गोळ्यांबद्दल खरी आहे, आणि नेमक्या त्याच गोळ्या मुलं मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय मागतात.

अण्णा, तुमचं निम्मं पटतं. परीक्षेच्या आदल्या रात्री छाती धडधडणं हा आजार नाही. प्रेमभंगाचं रडणंही नाही. सगळ्यालाच आजार म्हटलं की खरा आजारी गर्दीत हरवतो. पण उरलेलं निम्मं पटत नाही. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली होती (त्यात महाराष्ट्र नव्हता). नैराश्य, चिंताविकार अशा नेहमी आढळणाऱ्या आजारांत उपचाराबाहेर राहिलेले ८५ टक्के निघाले. उगाच येणाऱ्यांची गर्दी असती तर हा आकडा असा निघाला नसता. एनसीआरबीच्या (देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं) २०२२ च्या नोंदीत देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत, आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला. सुकडीच्या काळात हे मोजत किती होते ते मी विचारत नाही.

अण्णा_फलटणकर
आकडा मोठा आहे. नाकारत नाही. तरी म्हणतो, प्रत्येक पोराला खोलीत बसवून "तुला कसं वाटतं" विचारल्याने तो कमी होईल असं नाही. त्याला पुढे नोकरी दिसते का ते बघा आधी.

रानमांजर
अण्णांना पहिल्यांदाच +१.

पाटीवरची_पोरं
पुण्यात एमपीएससी करतोय, सहावं वर्ष. नोकरीचं म्हणाल तर अण्णा बरोबर. पण माझा प्रश्न वेगळा आहे. इथल्या अभ्यासिकेत सगळ्यांचं म्हणणं असं की एकदा का मानसोपचारवाल्याकडे गेलं की 'नोंद' होते आणि उद्या नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत ती निघते. माझा मित्र या एका भीतीने जात नाही. डोळ्यांदेखत वाळतोय. खरंच अशी नोंद असते का?

काळा_कोट
वकील म्हणून उत्तर देतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू. त्याच्या कलम २३ प्रमाणे आजार आणि उपचार यांची माहिती गोपनीय ठेवली जाणं हा रुग्णाचा हक्क आहे. अपवाद आहेत: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, कोर्टाचा आदेश, असे. मित्र अठरा पूर्ण असेल तर आईवडिलांनाही त्याच्या संमतीशिवाय सहसा सांगता येत नाही. याच कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही. विमा कंपन्यांनीही मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं, कलम २१.

अभ्यासिकेत कायद्याचाच अभ्यास चालतो ना? मग हे कलम कुणी वाचलं कसं नाही? (चेष्टा करतोय, रागावू नका.)

नाडीपरीक्षा
त्यात भर. मित्राला कुणाकडे जायचं नसेल तर आज रात्री १४४१६ लावू दे. टेलिमानस, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. आणि 'वाळतोय' म्हणालात म्हणून सरळ सांगतो: तो जगण्यात अर्थ नाही असं काही बोलत असेल तर त्याला तसं थेट विचारा. विचारल्याने डोक्यात कल्पना येते हा समज चुकीचा आहे. आणि त्याला एकटं सोडू नका, सोबत जा.

पाटीवरची_पोरं
विचारतो. धन्यवाद.

यॉर्कशायरची_थंडी
इंग्लंडमध्ये एम.एस्सी. केलं. इथे आल्या आल्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवायला लावतात. विद्यापीठात प्रत्येकाला एक पर्सनल ट्यूटर असतो आणि आजारपणामुळे मुदत वाढवून घ्यायचा फॉर्म असतो. त्यात मानसिक आजारही चालतो. आमच्या कोर्सच्या इंग्रज मुली तो फॉर्म रेशनच्या फॉर्मसारखा भरायच्या. आम्ही भारतातून आलेले आठजण, कुणीच नाही. 'व्हिसावर काही येईल का' हीच भीती. काळा कोटसाहेब, ती अभ्यासिकेतली नोंद विमानात बसून इथपर्यंत आली होती.

सगळं छान आहे असंही नाही. मी शेवटी नाव दिलं तर समुपदेशनाचा नंबर दोन महिन्यांनी लागला. तोवर थंडी संपली होती, आणि माझा प्रश्नही बराचसा थंडीचाच होता.

रानमांजर
मी कक्षात गेलो होतो, धाग्यात पहिलाच बहुतेक. कॉलेजचं नाव सांगत नाही. समुपदेशक म्हणून बसलेले गृहस्थ आमचेच एक प्राध्यापक, इंटर्नलचे मार्क देणारे. मी सांगितलं, झोप लागत नाही, रडू येतं. ते म्हणाले, "सकाळी पाच वाजता उठून धाव. आणि मोबाईल बंद कर." मग वही पुढे केली: नाव, वर्ग, समस्या, सही. 'समस्या' या रकान्यात माझ्या आधीच्या दहा नोंदी एकाच शाईत, एकाच अक्षरात 'परीक्षेची भीती'. कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकची टीम पुढच्या आठवड्यात यायची होती.

मुलांच्या दृष्टिकोनावर एवढे फॉर्म भरून घेता, एक फॉर्म त्या वहीवर पण काढा.

प्रश्नावली
लिहून घेतलं. गंमत नाही, खरंच.

कऱ्हाडची_कृष्णा
सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय ना, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवाच? विशाखापट्टणमच्या, 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीच्या प्रकरणात. मग भूगोलाच्या मॅडम कशाला?

खडूफळा
कृष्णा, हाच प्रश्न मी मीटिंगमध्ये विचारला. उत्तर: "पद मंजूर होईपर्यंत तुम्हीच बघा." मंजुरी कुठे अडली ते विचारू नका.

रानमांजर, तुमचं वाचून कानशिलं तापली. आमच्या कक्षालाही वही आहे. त्यातही सहीचा रकाना आहे. मीच आखलाय, स्केलपट्टी घेऊन, फार सुबक.

काळा_कोट
मॅडम, तो रकाना फाडा. नुसती संख्या ठेवा. संख्या गोपनीय नसते.

शेवंतीची_वेणी
आणि इंटर्नलचे मार्क देणाऱ्याने समोर बसू नये. खडूफळा, तुम्ही मार्क देता?

खडूफळा
देते. भूगोलाच्या मुलांना. (आलेल्या चारांत भूगोलाचं कुणीच नव्हतं. आत्ता लक्षात येतंय.)

पेठकर
माझा बोनाफाईडचा मुद्दा कुणीच गंभीरपणे घेतला नाही याची नोंद व्हावी.

मांडवीकाठ
मी घेतला. माझा भाऊ गुडघ्याचं सांगून दोन वर्षं गेला. त्याला दार नको नव्हतं, फक्त निमित्त हवं होतं.

खडूफळा
धागा वर काढतेय, पाच आठवड्यांनी.

पेठकर, नोंद झाली. बोनाफाईड क्लार्ककडून सुटेना, पण एसटी पासाच्या फॉर्मवरचा शिक्का मी मागून घेतला. क्लार्कने आनंदाने दिला, त्यांना तो जाचच होता. आता पासाच्या दिवसांत माझ्या दाराशी रांग असते आणि फीच्या रांगेतून बघणाऱ्याला माझ्याकडे कोण कशाला आलंय ते कळत नाही. दारावरचा 'समुपदेशन' बोर्ड काढला. वहीतला रकाना फाडला. भूगोलाच्या मुलांना जिल्हा रुग्णालयातल्या बाईच बघतील असं ठरवलं.

शिक्का मारायला मला वेळ लागतो, मुद्दामच. कुठल्या गावचा, गाडी किती वाजता, डबा आणतोस का, रात्री झोपायला किती वाजतात. बहुतेक मुलं कंटाळून फॉर्म ओढून घेतात.

काल एक मुलगा रांग संपल्यावर आला. फॉर्म पुढे केला. त्यावर शिक्का आधीच होता, माझाच, सोमवारचा. मी म्हटलं, बस.

नाडीपरीक्षा
मॅडम, यापुढचं इथे लिहू नका.

खडूफळा
नाहीच लिहिणार.

पाटीवरची_पोरं
मित्र गेला होता. मी बाहेर बाकावर बसलो. एवढंच.

पेठकर
वडापावात वडा सापडला का?